घराची निगा आणि आवराआवर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरे आवरून देण्याचे व स्वच्छ करून देण्याचे काम आमची लहानशी संस्था करते. काम ठरवण्यापूर्वी ग्राहक जे प्रश्न विचारतात ते बहुधा सारखेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे या पत्रकात एकत्र दिली आहेत. काम आमच्याकडे सोपवणार असाल किंवा घरच्या घरी करणार असाल, तरी यातील बहुतेक सूचना उपयोगी पडतील.

आवरायचे म्हणजे नेमके काय करायचे

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई ही देवी घरी येते आणि भाऊबंद एकत्र जमतात, म्हणून त्याआधी भिंतींना रंग किंवा चुना देणे, भांडी घासणे, अंथरूण-पांघरूण धुणे हे खानदेशात घरोघरी होते. ही प्रथा घराच्या आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच आहे. तथापि या वार्षिक स्वच्छतेत माळ्यावरचे सामान खाली येते, पुसले जाते आणि रंग वाळला की जसेच्या तसे पुन्हा वर जाते, असे आम्ही अनेक घरांत पाहतो. मोडका टेबलपंखा, लग्नात आलेले आणि खोक्यातून कधी न काढलेले जेवणाचे संच, मुलांची दहावीची पुस्तके यांतल्या प्रत्येक वस्तूवर ‘पुढे बघू’ असा एक निर्णय राखून ठेवलेला असतो. हे राखून ठेवलेले निर्णय निकालात काढणे म्हणजे आवरणे, असे आम्ही मानतो. झाडणे-पुसणे हे त्यानंतरचे आणि तुलनेने सोपे काम आहे.

घरातील पसाऱ्याचा मनावर परिणाम होतो का, असेही विचारले जाते. अमेरिकेतील लॉस एंजलिस परिसरातील ३० नोकरदार दांपत्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित असलेले संप्रेरक सकाळी अधिक असते आणि दिवसभरात उतरत जाते. परंतु आपल्या घराचे वर्णन करताना पसारा आणि अपुरी राहिलेली कामे यांचा उल्लेख ज्या पत्नींनी अधिक केला, त्यांच्यात हा उतार कमी आढळला. पतींच्या बाबतीत असा संबंध ठळकपणे दिसला नाही. पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणामुळे पसारा साचतो, हे या अभ्यासातून ठरत नाही, त्यामुळे घर आवरल्याने आजार बरा होतो असे आश्वासन आम्ही देत नाही. मात्र घरातील उरलेल्या कामांची यादी बहुतेक वेळा एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते, आणि ती व्यक्ती कोण हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून घर आवरण्याच्या दिवशी घरातील पुरुषमंडळी व मोठी मुले उपस्थित असावीत, असा आमचा आग्रह असतो.

सुरुवात माळ्यापासून करू नये

माळ्यावर आठवणींच्या वस्तू असतात. त्यांच्यापासून सुरुवात केली की पहिल्याच तासात जुने अल्बम उघडले जातात आणि काम तेथेच थांबते. रोज हात लागतो अशा जागेपासून, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा व त्याखालचे कप्पे येथून सुरुवात करावी, कारण तेथील बदल त्याच संध्याकाळी जाणवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पत्र्याच्या छताखालील माळा दुपारी कोणीही आवरू नये. ते काम सकाळी लवकर किंवा हिवाळ्यात करावे.

वस्तू ज्याची असेल, निर्णय त्याचाच असावा. आईच्या आंदणातील पितळी हंडा, घंगाळ किंवा आजीने शिवलेली गोधडी सुनेने अथवा मुलाने परस्पर भंगारात किंवा बोहारणीला देऊ नये; अशा एका वस्तूवरून उठलेला वाद आवरलेल्या घरापेक्षा जास्त दिवस टिकतो. निर्णय होत नसेल तर वस्तू खोक्यात ठेवून त्यावर तारीख लिहावी आणि पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खोके पुन्हा उघडावे. तोपर्यंत आतील वस्तूची एकदाही आठवण झाली नसेल, तर निर्णय बराच सोपा होतो. पितळी भांडी ठेवायची ठरली तर ती वापरात आणावीत, मात्र आंबट पदार्थ शिजवण्यापूर्वी त्यांना कल्हई करून घ्यावी.

धान्य, कापूस आणि वर्षाची बेगमी

शहरातील फ्लॅटसाठी दिलेला ‘कमीत कमी सामान ठेवा’ हा सल्ला आपल्या भागात तसाच लागू करणे योग्य नाही. वर्षाचे गहू व ज्वारी, उन्हाळ्यात केलेले बिबडे, कुरडया, पापड आणि वर्षाचा काळा मसाला ही बेगमी आहे, पसारा नाही. तिला फक्त नीट जागा हवी. धान्य कडक उन्हात वाळवून पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरावे, कारण गरम धान्य झाकले की आत दमटपणा धरतो. कोठीतील जुने गहू काढून ती कोरडी पुसल्याशिवाय त्यावर नवे गहू ओतू नयेत, अन्यथा जुन्यातील सोंडे नव्यात जातात. कोठी किंवा पोती लाकडी ठोकळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावीत. काळ्या मातीवरील घरांना हे अंतर विशेष आवश्यक आहे, कारण ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा पडतात आणि त्या भेगांतून येणारी उधई (वाळवी) भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे कित्येक महिने दिसत नाही.

धान्याला कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन या गोळ्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो, आणि त्या विषबाधेवर खास असा उतारा उपलब्ध नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसांच्या जिवाला त्यापासून धोका आहे. सुकलेला कडुनिंबाचा पाला आणि डाळींना एरंडेलाचा हात हे जुने उपाय घरगुती साठ्यासाठी पुरेसे आहेत. आवरताना आम्हांला अशा गोळ्या आढळल्या तर आम्ही काम थांबवून प्रथम कुटुंबाला खोलीबाहेर येण्यास सांगतो.

भाव वाढेल या आशेने वेचणीनंतरचा कापूस घरातच ठेवण्याची पद्धत गावोगाव आहे. तो कुटुंबाचा पैसा असल्यामुळे तो हलवा असे आम्ही सांगत नाही. परंतु साठा लांबला की अंगाला खाज सुटते, हा अनुभव अनेकांना आहे, आणि आगीचा धोका तर पहिल्या दिवसापासून असतो. म्हणून कापसाच्या खोलीत कोणी झोपू नये, तेथे देव्हारा, चूल किंवा उघडी वायर असू नये आणि दाराजवळची वाट मोकळी असावी.

साठवलेले पाणी आणि कूलर

नळाला रोज पाणी येत नाही तेथे पिंप आणि टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटतात व कोरड्या स्थितीतही काही महिने टिकतात. आतून काथ्याने घासणे आवश्यक आहे. माळ्यावर किंवा गच्चीवर ठेवलेले जुने टायर, फुटके माठ आणि रिकामे डबे पावसाळ्यापूर्वी काढून टाकावेत. कूलर बंद करताना प्लग काढावा, टाकी घासून वाळवावी, जुने वाळ्याचे पडदे टाकून द्यावेत आणि मगच कूलर झाकून ठेवावा.

औषधे, रसायने, कागद

कपड्यांत डांबरगोळ्या ठेवण्याची सवय असेल तर बाळाचे कपडे व दुपटी त्यातून वगळावीत. त्यांतील नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे हे घरच्यांना अनेकदा ठाऊक नसते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. मुदत संपलेली औषधे, जुन्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट घंटागाडीत सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्याव्यात. खरेदीखत, वारसाची कागदपत्रे व विम्याच्या पॉलिसी एका कोरड्या पेटीत ठेवाव्यात. विजेची जुनी बिले भरल्याच्या नोंदी तपासून रद्दीत देता येतात.

काही घरांत वस्तू टाकण्याचा नुसता विचारही एखाद्या व्यक्तीला असह्य होतो आणि खोल्या वापरता येणार नाहीत इतक्या भरतात. ही स्थिती २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेली आहे. अशा घरात घरच्यांच्या सांगण्यावरून सामान उचलण्याचे काम आम्ही घेत नाही. आधी त्या व्यक्तीशी मानसोपचारतज्ज्ञांनी बोलावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतून बोलता येते.

आमची कामाची पद्धत

पहिल्या भेटीत आम्ही केवळ घर पाहतो आणि कुटुंबातील प्रत्येकाशी बोलतो. त्या दिवशी कोणतीही वस्तू हलवली जात नाही. घराबाहेर जाणाऱ्या सामानाची यादी करून त्यावर घरातील ज्येष्ठ व्यक्तीची सही घेतली जाते. देवघर, दागिन्यांचे कपाट आणि धान्याची कोठी घरचे माणूस समोर असल्याशिवाय आम्ही उघडत नाही. कानबाई व दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे मागणी फार असते, म्हणून माळा किंवा कोठीची खोली काढायची असल्यास त्याच्या किमान महिनाभर आधी कळवावे.