नाव झाकलं तरी माणूस सापडतो

मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवून आलं की रिपोर्टचा फोटो ग्रुपवर पडतो, 'कुणी जाणकार असेल तर सांगा' म्हणून. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हे रोजचंच. खाली एक ओळ असते : 'नाव झाकलंय.' तेवढ्यानं भागतं, हा समज खोटा आहे.

१९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. जन्मतारीख, लिंग आणि तिथला पिन कोड मात्र तसाच राहिला. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं २० डॉलरला त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेऊन दोन्ही ताडून पाहिल्या. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण, त्यांत पुरुष तीन, त्यांच्या पिन कोडातला एकच. म्हणजे वेल्ड यांची उपचारांची नोंद नाव नसतानाही सापडली.

हिशोब बघा. ८० वर्षांच्या जन्मतारखा सुमारे २९,२००. स्त्री-पुरुष वेगळे धरले तर ५८,४०० खण. पिन कोडात ३०,००० लोक आहेत असं समजू. माणसं या खणांत योगायोगानं, सगळीकडं सारख्याच शक्यतेनं विखुरली असं धरलं, तर एखाद्याच्या खणात दुसरं कुणीच नसण्याची शक्यता साधारण ६० टक्के येते. त्यात 'बी निगेटिव्ह' किंवा 'डायलिसिस' लिहिलं की खण आणखी बारीक. १९९८ मध्ये समाराती आणि स्वीनी यांनी 'के-अ‍ॅनॉनिमिटी'चा निकष मांडला : प्रत्येक खणात निदान 'के', म्हणजे आधी ठरवलेल्या आकड्याइतकी, माणसं होईपर्यंत माहिती ढोबळ करत जायची. तारखेऐवजी 'पन्नाशीतले', गावाऐवजी तालुका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांना सरसकट १ जून ही तारीख देऊन टाकली, ती मंडळी आपसूकच गर्दीत लपलीत!

आजारपणावर पत्रिका बघणारे ज्योतिषीही फोनवर जन्मतारीख, वेळ आणि गावच मागतात. ग्रहांना त्याचं काही नाही. माणूस हुडकणाऱ्याचं मात्र आयतं काम होतं.

रिपोर्टवर नावाखेरीज रुग्ण क्रमांक, बारकोड, डॉक्टरांचं नाव, नमुना घेतल्याची वेळ असते. क्यूआर कोड असेल तर काही लॅबचा अख्खा रिपोर्ट त्यातून उघडतो. फोनमधल्या हायलायटरनं काळं करू नका. तो रंग अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की अक्षरं वर येतात. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी होतो. २०२३ मध्ये तर पिक्सेल फोनवर कातरलेल्या चित्रांचा कापलेला भागही परत काढता येतो, असं उघड झालं. त्यापेक्षा आकडा टाइप करा : 'क्रिएटिनिन १.८ मिग्रॅ/डेसीलिटर, पन्नाशीतले, शुगर आहे.' शेजारी लॅबची नॉर्मल रेंज हवीच, ती लॅबगणिक बदलते.

सासूबाईंचा किंवा भावाचा रिपोर्ट असेल तर आधी त्यांना विचारा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, त्यामुळं घरच्या ग्रुपवर त्याचा आधार नाही.

रक्त हवं असेल तर गट, किती बाटल्या, दवाखाना, फोन एवढं पुरे, आजार कशाला? आणि 'अमुक तारखेपर्यंतच' हे मेसेजमध्येच लिहा. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी पुढं फॉरवर्ड झालेल्या प्रती पुसल्या जात नाहीत.