दुर्बीण घेतलीत, आता एक वही घ्या

आमच्याकडून दुर्बीण नेलेले बरेच जण महिन्याभराने येऊन विचारतात, "पक्षी दिसायला लागले, आता पुढे काय?" त्यांच्यासाठी हे पत्रक डब्यातच ठेवलं आहे.

आधी दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्या. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावं झाकून उजव्या बाजूची कडी फिरवा. चष्मा असेल तर रबरी कप आत दाबून ठेवा. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिमी रुंद आहे. नवख्याला एवढं पुरतं. दहापटीत हाताची थरथरही दहापट होते.

आता वही. "वडोदरा, सकाळी, बगळे" ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. अशी लिहा: "कमाटीबाग, नदीवरचा पूल, १४ डिसेंबर, स. ७.१०, छोटा बगळा २, काळी चोच, पिवळे पंजे." शेवटचे चार शब्द सोडू नका. गायबगळ्याची चोच पिवळी असते. घरी आल्यावर ती कुठली होती ते आठवत नाही, पानावर असेल तरच सापडतं. जागेवरच लिहा, तेही शिसपेन्सिलने; शाई दवाने पसरते.

नाव येत नसेल तर वर्णन लिहा. साळुंकीला इथे निम्मं गाव काबर म्हणतं, तसं लिहिलंत तरी चालेल.

वहीतलं नंतर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. तिथे यादी पूर्ण हवी, म्हणजे ओळखू आलेला प्रत्येक पक्षी त्यात यायला हवा. कावळा-कबुतर काय लिहायचं, असं वाटतं खरं. पण ते गाळलेत तर ते नव्हतेच की तुम्ही लिहिले नाहीत, हे पुढे कुणाला कळणार? पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून केलेली पूर्ण यादी आम्हाला दिवसभराच्या "खास" पक्ष्यांपेक्षा मोलाची वाटते. फुलपाखरं, सरडे, झाडं यांच्यासाठी आय-नॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ बरं. तिथे फोटो टाकला की इतर लोक ओळख पटवायला मदत करतात. डोकं, पाठ आणि बाजू असे दोन-तीन फोटो काढा.

विश्वामित्री नदीतल्या मगरीची नोंद पुलावरूनच. काठावर उतरू नका. दुर्बीण त्यासाठीच घेतलीत ना? कुठल्याही प्राण्याचं घरटं किंवा पिल्लं दिसली तर नेमकी जागा व्हॉट्सॲपवर फिरवू नका, दुसऱ्या दिवशी गर्दी जमते.

हिवाळ्यात एखाद्या रविवारी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जाऊन या. २०२१ पासून तो रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. बदकं शेकड्याने असतात, एकेक मोजता येत नाहीत. दहा पक्षी मोजा, तेवढा थवा नजरेत धरा आणि असे किती बसतात ते पाहा. मात्र आकड्याआधी "अंदाजे" लिहायला विसरू नका.

भिंगावर धूळ बसली तर शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. दुकानात घेऊन या. सफाईचे पैसे आम्ही घेत नाही.