कार्पल टनेलचं ऑपरेशन : ओपन की दुर्बिणीतून

मनगटात मीडियन नर्व्ह (हाताला संवेदना देणारी एक नस) दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात, रात्री तर माणूस हात झटकत उठूनच बसतो, ह्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या हाडांवर एक जाड लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) आडवं ताणलेलं असतं, त्याच्याखालून ९ टेंडन (बोटं हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या) आणि ही एक नस जाते, म्हणजे आधीच दाटीवाटी. स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारी पट्टी), इंजेक्शनने भागलं नाही तर ते लिगामेंट कापून जागा मोकळी करतात. दोन्ही ऑपरेशनमध्ये कापायचं तेच असतं, फरक फक्त तिथपर्यंत कुठून पोचायचं एवढाच!

ओपन पद्धत जुनी. सर्जन जेम्स लिअरमंथने १९३३ मध्ये असं ऑपरेशन नोंदवलं, पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत सर्जन जॉर्ज फेलनमुळे ते सगळीकडे पोचलं. तळहाताच्या बुडाशी ३-४ सेंटीमीटरची चीर (मिनी ओपनमध्ये त्याहून लहान), आणि नस सर्जनच्या डोळ्यांसमोर. दुर्बिणीची पद्धत १९८०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये ओकुत्सू आणि अमेरिकेत चाऊ यांनी आणली, मनगटाजवळ छोटंसं छिद्र, चाऊच्या पद्धतीत तळहातावर आणखी एक, आणि लिगामेंट आतल्या बाजूने कापायचं, तळव्याची कातडी तशीच राहते.

म्हणून सुरुवातीला दुर्बिणवाल्यांना आराम वाटतो, टाक्यांची जागा कमी दुखते, पकड लवकर येते, कामावर सरासरी आठवडाभर आधी जाता येतं. पण वर्षभराने बघितलं तर बधिरपणा जाण्यात दोघांत फारसा फरक उरत नाही. ओपनमध्ये जखमेच्या तक्रारी जास्त, दुर्बिणीत नसेला तात्पुरता त्रास व्हायचं प्रमाण जास्त, कायमची इजा मात्र दोन्हीकडे क्वचितच. तळव्याच्या दोन्ही कडांना दाबलं की दुखतं तो पिलर पेन दोन्हीत होऊ शकतो.

खर्चाचं बोलायचं तर दुर्बिणीचं सामान महाग, शिवाय त्यात हात बसलेला सर्जन पाहिजे, आणि आत नीट दिसलं नाही तर ऐनवेळी ओपन करावं लागतं, हे पेशंटला आधी सांगितलेलं बरं. ओपन तर नुसत्या लोकल भुलीवर होतं, त्याच दिवशी घरी. माझ्या मते हाताच्या कष्टाचं काम असलेल्याला तो वाचलेला आठवडा मोलाचा, बाकीच्यांनी सर्जनचा हात कशात बसलाय ते विचारावं. आधी ऑपरेशन होऊन त्रास परत आला असेल तर मात्र सहसा ओपनच करतात, कारण जुन्या व्रणात नस कुठे चिकटलीय ते समोर दिसावं लागतं.