अमेरिकेतल्या शाळा, मांजर आणि वाळू : खुलासा

‘अमेरिकेत स्वतःला मांजर समजणाऱ्या मुलांसाठी शाळेच्या स्वच्छतागृहात वाळूचे ट्रे ठेवतात,’ हा दावा २०२१पासून जोरात फिरतो आहे. (घरात पाळलेली मांजरं अशाच वाळूच्या ट्रेमध्ये शी-शू करतात.)

असं एकाही शाळेत घडल्याचं सिद्ध झालेलं नाही. नाव घेतलं गेलेल्या अनेक शाळांनी पालकांना तसं स्पष्ट कळवलं. काही मुलं प्राण्यांचे कान किंवा शेपटी लावतात, हे खरं. पण तो खेळ किंवा छंद असतो.

मग वाळू आली कुठून? तिथल्या काही वर्गांत मांजरांची वाळू खरोखरच ठेवलेली असते, आणि तिचं कारण काळीज पिळवटणारं आहे. गोळीबाराच्या भीतीने वर्गाची दारं तासन्‌तास बंद ठेवावी लागली, तर मुलांना लघवीला बाहेर सोडता येत नाही. तेव्हा वर्गातच बादली वापरता यावी म्हणून ओल शोषणारी ही वाळू.

असा मेसेज आला की पालकाला काळजी वाटणारच. आधी शाळेचं नाव विचारा; बहुतेकदा ‘मैत्रिणीच्या भाचीची शाळा’ यापुढे माहिती जात नाही. नाव मिळालंच, तर शाळेच्या वेबसाइटवर पालकांसाठीचं निवेदन शोधा. फोटो असेल तर तो गुगल लेन्सवर टाकून आधी कुठे आला होता ते पाहा.