उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणं

घाट किंवा मोठा उतार लागला की गिअर काढायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि गाडी तिच्या वजनावर घरंगळू द्यायची, याला न्यूट्रलला टाकणं म्हणतात. काहीजण त्याच्याही पुढे जातात आणि चावी फिरवून इंजिनच बंद करतात. पुण्यात ही सवय घरोघरी सापडते कारण शहरातून कुठल्याही बाजूला निघा, घाट चुकत नाही, सासवडला जाताना दिवे घाट, साताऱ्याला कात्रज आणि खंबाटकी, कोकणात उतरायला ताम्हिणी नाहीतर वरंध, मुंबईला खंडाळा. कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात, पेट्रोल वाचतं. आजच्या गाडीत ते वाचत नाही, खऱ्या घाटात तर उलट जास्त जळतं, आणि वर ब्रेकच्या मदतीला असलेलं इंजिन आपण आपल्याच हाताने सोडवून टाकतो.

पण ही समजूत हवेतून आलेली नाही. १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षं पेट्रोल गाड्यांना कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, असायचा. कार्बोरेटरला गाडी उतारावर आहे की चढावर हे काही कळत नाही, इंजिनने हवा ओढली की तिच्यासोबत पेट्रोल जाणारच. गाडी गिअरमध्ये उतरत असेल तर चाकं इंजिनला जोरात फिरवतात, ओढ वाढते आणि आयडल जेटमधून, म्हणजे पाय उचललेला असतानाही पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल खेचलं जातं. न्यूट्रलला तेच इंजिन आठशे-नऊशे आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) शांत पडून राहायचं, त्यामुळे थोडं पेट्रोल खरंच वाचायचं. त्या काळात ज्यांनी गाडी शिकली त्यांनी पुढे मुलांना हेच शिकवलं, आमच्याकडेही तसंच झालं, आणि मधल्या काळात गाडी बदलली तरी सवय तशीच राहिली.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे युरो-२ नियम आले आणि कारमध्ये एमपीएफआय म्हणजे इंजेक्शन सिस्टीम आली. आता पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलाय आणि आरपीएम साधारण बारा-पंधराशेच्या वर आहे असं दिसलं की तो इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोल शून्य. इंजिन फिरत राहतं ते चाकांच्या जोरावर. न्यूट्रलला टाकलं की मात्र चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरला आयडलपुरतं, म्हणजे इंजिन नुसतं चालू राहण्यापुरतं, पेट्रोल द्यावंच लागतं. छोट्या पेट्रोल कारला हे तासाला ०.६ ते ०.८ लिटर धरा. सिंहगड उतरायला पाव तास लागला तर पावणेदोनशे मिलीच्या आसपास पेट्रोल न्यूट्रलमध्ये जळालं, गिअरमध्ये त्यातलं बहुतेक जळलंच नसतं (अवघड वळणांवर आरपीएम खाली येतो तेव्हा थोडं जातं). बाइक आणि स्कूटरमध्ये हा बदल उशिरा आला, एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक दुचाक्यांनी कार्बोरेटर सोडला, म्हणून जुन्या बाइकवाल्याचा अनुभव वेगळा असेल तर तो खोटं बोलतोय असं समजू नका.

डिझेलची गोष्ट तर अजून वेगळी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनमध्येसुद्धा गव्हर्नर असायचा, आणि गाडी गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की तो डिझेल तोडायचा. म्हणजे ज्या ट्रकवाल्यांमध्ये ही सवय सगळ्यात घट्ट आहे त्यांना तिचा फायदा कधीच नव्हता.

मग डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा न्यूट्रलला एवढा वर का जातो? कारण तो त्या क्षणाचा वेग आणि त्या क्षणाचं पेट्रोल यांचा भागाकार असतो. ताशी ६० किलोमीटरला आयडलचं पेट्रोल जात असेल तर हिशोब लिटरला ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या घरात येतो, आणि बऱ्याच गाड्यांचा डिस्प्ले त्याच्या आधीच, तो दाखवू शकतो त्या शेवटच्या आकड्यावर अडकतो. गिअरमध्ये उतरतानाही तोच शेवटचा आकडा दिसतो, त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात, पण एकीकडे पेट्रोल जातंय आणि दुसरीकडे थेंबही जात नाहीये.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. उतार अगदी हलका असेल, म्हणजे गिअरमध्ये गाडी हळू होते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो असा, तिथे मोकळी सोडलेली गाडी लांबवर जाते आणि थोडी बचत होऊ शकते. फोक्सवॅगनच्या काही ऑटोमॅटिक गाड्या हे स्वतःच करतात, पाय उचलला की इंजिन सोडवतात आणि ब्रेकला पाय लागला की लगेच पुन्हा जोडतात. माणसाला ते तेवढ्या चपळाईने जमत नाही. गाडी मुद्दाम न्यूट्रलला टाकून सोडायची एक रीतसर जागाही आहे, ती म्हणजे कोस्ट-डाउन टेस्ट, सपाट सरळ रस्त्यावर वेगात नेऊन गिअर काढतात आणि गाडी किती वेळात हळू होते ते मोजतात, त्यावरून हवेचा आणि टायरचा विरोध कळतो. गाड्यांच्या जाहिरातीत जो ॲव्हरेज छापतात तो प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवरच आहे, १९६६ पासूनची.

पेट्रोलपेक्षा मोठा प्रश्न ब्रेकचा आहे. हजार किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली की जवळपास ४९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत पंधरा लिटर गार पाणी उकळेल. गिअरमध्ये असताना तिचा मोठा वाटा इंजिन खातं, न्यूट्रलला जवळजवळ सगळी ब्रेकच्या डिस्क आणि लायनरवर येते. रविवारी सिंहगडावरून उतरताना जो जळका वास येतो तो बऱ्याचदा याचाच असतो. पॅड तापले की पकड कमी होते, त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. नवं डॉट-३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, डॉट-४ २३० पर्यंत, पण ऑइल हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की हीच मर्यादा १४०-१५५ च्या आसपास उतरू शकते. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, पेडल खालपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि सर्व्हिसिंगला आपण विचारलं नाही तर ते बरेचदा तसंच राहतं.

इंजिन बंद करून उतरणं त्याहूनही वाईट. कारच्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा जो बूस्टर असतो त्याला इंजिन चालू असावं लागतं, ते बंद झालं की दोन-तीन वेळा दाबेपर्यंत ब्रेक नीट लागतो आणि मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चावी काढलीच तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, तेही वळणावर. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर असतो, म्हणून इंजिन बंद असताना प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होते आणि भरली जात नाही. इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा एक्झॉस्ट ब्रेकही गाडी गिअरमध्ये असेल तरच उपयोगाचा.

नवीन कात्रज बोगदा सोडला की दरीपूल, नऱ्हे, नवले पूल असा सलग उतार आहे आणि हा सगळा प्रकार तिथे वर्षानुवर्षं दिसतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने नवले पुलाजवळ वीसपेक्षा जास्त गाड्यांना धडका दिल्या, आणि ते उतारावर गिअरमध्ये नव्हतं असं प्राथमिक तपासात पुढे आलं. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला मागच्या आरशात ट्रक दिसला की पोटात गोळा येतो, मलाही येतो.

गाडीचं नुकसान म्हणाल तर मॅन्युअल गिअरबॉक्स नुसत्या न्यूट्रलने लगेच बिघडत नाही. वेगात असताना चुकीचा गिअर टाकला की क्लचला आणि सिंक्रोला (गिअर जुळवणारा भाग) झटका बसतो, आणि न्यूट्रलऐवजी क्लच दाबून उतरायची सवय असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग लवकर जातं. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद करून गाडी घरंगळवली तर आतले भाग कोरडे फिरतात आणि तो खर्च पेट्रोलच्या हिशोबात कधीच भरून निघत नाही. चालत्या गाडीत सारखं एन (न्यूट्रल) आणि डी (ड्राइव्ह) करणंही टाळा.

घाट उतरायची जुन्या ड्रायव्हर लोकांची रीत सोपी आहे, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खाली जोर वाढला की ब्रेक सतत घासत न ठेवता एकदा नीट दाबून वेग कमी करायचा, सोडायचा, डिस्कला गार होऊ द्यायचं. स्कूटरला गिअर नसतो, पण वेग फार कमी नसेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन थोडं ओढून धरतं, म्हणून तीही बंद करू नये.

इलेक्ट्रिक गाडीत गिअरचं काम रीजेन करतं, उतारावर मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत भरते आणि गाडी हळू होते, न्यूट्रलला टाकली की दोन्ही थांबतं. फक्त बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज ठेवायला जागाच नसते आणि रीजेन कमी होतं, त्यामुळे लोणावळ्यात चार्जिंगला थांबलात तर शंभर टक्के न करता नव्वदच्या आतच निघा, खंडाळा घाट लगेच पुढे आहे.