घरबदल आणि आयुष्याचे टप्पे

शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण, निवृत्ती, वैधव्य अशा वळणांवर माणसे राहती जागा बदलतात, निदान बदलायचे ठरवतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी फिलाडेल्फियातील कुटुंबांची पाहणी करून १९५५ मध्ये मांडले, की कुटुंबाची घडण बदलते तशी जुनी जागा गैरसोयीची होते आणि घर बदलण्यामागे मुख्यतः हीच अडचण असते. भारतीय जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हे आहे; तिथे जागा पसंत करण्याचा प्रश्नच सहसा येत नाही.

मुंबईला रॉसींचे म्हणणे अर्धेच लागू पडते. कोकणातून किंवा घाटावरून गिरणगावात आलेला तरुण आधी गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत उतरे. जेवण खानावळीत, झोप पाळीनुसार, बायको-मुले गावी. बिऱ्हाड थाटायचे म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली. पुढे मुलाचे लग्न ठरले तरी कुटुंब हलत नसे; खोलीतच पोटमाळा निघे, मधे पडदा लागे आणि म्हातारे वडील वळकटी घेऊन गॅलरीत झोपायला जात. १९४७ च्या कायद्याने भाडी जवळपास गोठली होती. खोली सोडली तर त्या भाड्यात दुसरी मिळणार कुठे? त्यामुळे ‘जागा बघतोय’ हे वाक्य दहा-दहा वर्षे चाले.

अखेर बहुधा थोरला भाऊ बाहेर पडे, डोंबिवली, बदलापूर किंवा विरारला. मुहूर्त मुलांची वार्षिक परीक्षा संपल्यावरचा. रेशनकार्डातून नावे कमी झाली, की वेगळे झाल्यावर शिक्कामोर्तब. आता कर्जाचे वयही मोजावे लागते, कारण निवृत्तीपर्यंत हप्ते फिटावेत असे बँका पाहतात आणि चाळिशीनंतर मुदत आखडत जाते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मात्र टप्प्याची वाट पाहावी लागत नाही, मालकच हलवतो.

उतारवयात प्रश्न जिन्याचा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला गुडघ्यांना झेपेनासा होतो. निवृत्तीच्या पैशांतून अनेक चाकरमानी गावचे घर बांधतात, पण डॉक्टर आणि नातवंडे मुंबईत. मग गणपतीत ते घर माणसांनी भरते, मे महिन्यात पुन्हा एकदा. एरवी किल्ली शेजारच्या वहिनींकडे.