प्लेट खरी, परी खोटी

दिवाळी आली की भारताचा एक नकाशा घरोघरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास येतो. काळ्या अंधारात पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ : ‘नासाने अवकाशातून टिपलेली दिवाळीची रात्र’. त्या ठिपक्यांत बोट फिरवून आपलं गाव शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा आनंद खरा असतो, म्हणूनच ‘हा फोटो दिवाळीचा नाही’ हे सांगणं जिवावर येतं.

पण तो दिवाळीचा नाहीच. अमेरिकी लष्कराच्या हवामान उपग्रहांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांची माहिती एकावर एक रचून, ‘नोआ’ या तिथल्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ साली हे चित्र तयार केलं. वस्ती कशी वाढत गेली ते त्यातून दिसावं, हा हेतू. १९९२ च्या आधीपासून उजळलेल्या जागा पांढऱ्या. १९९२ मध्ये नव्याने दिसलेले दिवे निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. तो लाल रंग पणत्यांचा नाही, वाढलेल्या वस्त्यांचा आहे. पुढे १२ नोव्हेंबर २०१२ ला, दिवाळीच्या दिवसांत, दुसऱ्या एका उपग्रहाने भारताचा रात्रीचा फोटो खरोखरच घेतला. तो प्रसिद्ध करताना नासाने स्पष्ट केलं, की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जाणवणारही नाही.

या चित्रात कुणी काही घुसडलेलं नाही. खोटी आहे ती खालची ओळ. फोटो खरा की खोटा, हा वाद जितका जुना, तितकीच ही गफलतही जुनी आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. श्रेय फ्रान्सच्या लुई दागेरला मिळालं; त्याच सुमारास स्वतःची वेगळी पद्धत शोधणारा इपोलित बायार हा फ्रेंच माणूस मागे पडला. १८४० मध्ये त्याने स्वतःचाच फोटो काढला : उघड्या अंगाने, डोळे मिटून, भिंतीला रेललेला. मागे लिहून ठेवलं, की उपेक्षेला कंटाळून या बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला. फोटोत कसलीही लबाडी नव्हती. फक्त मेलेला माणूस जिवंत होता.

लबाडी प्लेटवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या ज्या काचेवर फोटो उमटे तिच्यावर, येऊन पोचली ती १८६० च्या दशकात. बॉस्टनचा विल्यम मम्लर गिऱ्हाइकाच्या फोटोत त्याच्या मेलेल्या नातेवाइकाची धूसर आकृती आणून दाखवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात घरोघरी माणसं गेलेली, त्यामुळे धंदा चालला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला झाला, पण त्याने नेमकं काय केलं ते सिद्ध करता आलं नाही आणि तो सुटला. एकाच प्लेटवर दोनदा फोटो घेता येतो, हे मात्र सगळ्यांना कळलं. तेव्हापासून खरेखोटेपणा तपासायचा म्हणजे प्लेट तपासायची, अशी रीतच पडली.

याच रीतीने इंग्लंडमध्ये भल्याभल्यांना चकवलं.

यॉर्कशरमधलं कॉटिंगली गाव, जुलै १९१७. सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि ओढ्याकाठी गेल्या. वडिलांनी घरच्या डार्करूममध्ये प्लेट धुतली, तर फ्रान्सिसच्या पुढ्यात चार पंखवाल्या पऱ्या नाचत होत्या. वडिलांना मुलींचा खोडसाळपणा वाटला. आईला तसं वाटलं नाही, आणि १९१९ मध्ये ब्रॅडफर्डच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभेत तिने फोटोंचा विषय काढला. (अध्यात्म आणि गूढविद्येत रस असलेली ही तीच संस्था, जिचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला होतं आणि जिच्या तेव्हाच्या अध्यक्षा ॲनी बेझंट होत्या.) संस्थेच्या एडवर्ड गार्डनरनी फोटो हॅरोल्ड स्नेलिंग या जाणकाराला दाखवले. त्याचा निर्वाळा : प्लेट अस्सल आहे, फोटो एकदाच घेतलेला आहे.

तो बरोबरच होता! प्लेटला कुणी हात लावलेला नव्हता. मुलींनी पऱ्या कागदावर काढल्या, कापल्या आणि टोपीला लावायच्या लांब पिनांनी झुडपात उभ्या केल्या. कॅमेऱ्याने समोर होतं ते इमानाने टिपलं. स्नेलिंगने प्लेटबद्दल दिलेलं उत्तर लोकांनी पऱ्यांबद्दलचं म्हणून घेतलं. कोडॅकच्या तंत्रज्ञांनी मात्र नेमकं बोट ठेवलं : बनावटीची खूण दिसत नाही, पण म्हणून हे पऱ्यांचेच फोटो आहेत असं ठरत नाही. त्यांनी दाखला द्यायला नकार दिला. या एका नकाराबद्दल मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो.

तो फोटो आज नीट पाहिला तर मागचा धबधबा हललेला, पुसट दिसतो, आणि नाचणाऱ्या पऱ्यांचे पंख मात्र कातरीने कापल्यासारखे रेखीव. तरीही शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी डिसेंबर १९२० च्या ‘स्ट्रँड’ मासिकात हे फोटो खरे मानून छापले. डॉइलना हसायला मला होत नाही. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि १९१८ मध्ये त्यांचा मुलगा किंग्जली गेला होता. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे काही आहे, याचा पुरावा त्यांना हवा होता. एल्सीने पऱ्या ज्या पुस्तकातल्या चित्रांवरून काढल्या, त्याच पुस्तकात डॉइल यांचीही एक कथा होती. दोघींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. मुलींनी काढलेल्या एकूण पाच फोटोंतला शेवटचा मात्र खरा आहे, असं फ्रान्सिस अखेरपर्यंत म्हणत राहिली.

संगणक आल्यावर प्लेटची जागा फाइलने घेतली. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं आणि ‘हे फोटोशॉप केलंय’ हा शेरा आपल्या बोलण्यात रुळला. त्याचा फटका खऱ्या फोटोंनाही बसू लागला. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात टॉमस पेशाक या छायाचित्रकाराने एक फोटो घेतला : छोट्या पिवळ्या होडीत एक शास्त्रज्ञ मागे वळून पाहतोय आणि त्याच्यामागे पाण्यातून भलाथोरला पांढरा शार्क येतोय. इंजिनाच्या बोटीने शार्कचं वागणं बदलतं, म्हणून वल्ह्याची होडी वापरून अभ्यास चालू होता. पेशाकने स्वतःला बोटीवरच्या मनोऱ्याला बांधून घेतलं होतं. फोटो शंभर टक्के खरा, आणि अनेकांनी तो बनावट ठरवला. मग कुणीतरी त्यातला शार्कच कापून काढला. २०११ च्या चक्रीवादळानंतर तो प्वेर्तो रिकोच्या तुंबलेल्या रस्त्यावर पोहताना दिसला, २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या. खोटा म्हणून हिणवलेला शार्क खोट्या फोटोत खरा ठरला.

हा शार्क पकडायला भिंग लागत नाही. फोटो आधी कुठे छापून आलाय ते शोधायचं, एवढंच. २००८ मध्ये ‘टिनआय’ या संकेतस्थळाने आणि २०११ मध्ये गूगलने चित्रावरून चित्र शोधायची सोय दिली. पाण्यावरची सावली, कडांचा रंग हे मागाहून. दिवाळीचा नकाशाही असाच मूळ पानापर्यंत नेता येतो.

एआयच्या चित्रांना मात्र असा आधीचा जन्म नसतो, आणि वाकड्या बोटांवरून ती ओळखायचे दिवस सरत आले आहेत. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने एका स्पर्धेत एआय चित्रांच्या गटात मुद्दाम खराखुरा फोटो पाठवला. आरुबा बेटावरचा रोहित पक्षी : गुलाबी अंग, काटकुळे पाय, डोकं नाहीच. परीक्षकांनी बक्षीस दिलं, लोकांनीही मतं दिली. फोटो कॅमेऱ्याचा आहे हे त्याने सांगितल्यावर बक्षीस काढून घेतलं गेलं. पक्षी पोट खाजवायला वाकला होता आणि मान पिसांत गेली होती, इतकंच. हिवाळ्यात शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलाकडे थोडा वेळ पाहत उभं राहिलं, की पिसं साफ करणारे असे बिनडोक्याचे रोहित आपल्यालाही दिसतात.